एका सुताचा फरक

पिस्टन गोल नसतो.

खोक्यातून नुकताच काढलेला, तेलाचा हात फिरवलेला पिस्टन बघून हे पटत नाही. मायक्रोमीटर लावला की पटतं. त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या दिशेने तो किंचित चपटा असतो, तिच्या आडव्या दिशेने किंचित फुगीर, आणि डोक्याशी कमरेपेक्षा बारीक. त्याला घडवणाऱ्याने तो टेबलावर कसा दिसेल याचा विचार केलेलाच नसतो. त्याचा खरा आकार आगीत ठरतो. इंजिन तापलं की डोकं सगळ्यांत जास्त फुगतं, पिनेच्या बाजूला धातू जाड म्हणून तिथे तो जास्त पसरतो, आणि मग कुठे तो गोल होऊन लाइनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, नीट बसतो. थंड पिस्टन लाइनरमध्ये थोडा खुळखुळतो तो याचसाठी. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनातून येणारी ती कोरडी टकटक आणि पाच मिनिटांनी तिचं विरून जाणं, हा त्याचा रोजचा दिनक्रम आहे.

मला या पिस्टनाबद्दल फार आदर आहे. इंजिनाचं नाव निघालं की लोक टर्बो, पंप आणि हॉर्सपॉवर यांबद्दल बोलतात. पिस्टनाची आठवण होते ती त्याने पकडल्यावर.

मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो साडेतीन इंची बोअरचा आहे, म्हणजे ८८.९ मिलिमीटर व्यासाचा. त्याची धाव, म्हणजे स्ट्रोक, बरोबर चार इंचांची, १०१.६ मिलिमीटर. असे चार मिळून २५२३ सीसी होतात. बोलेरोच्या कागदांवर हा आकडा ज्यांनी वाचला आहे त्यांना तो पाठ असेल. मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर हा पिस्टन ६४०० वेळा थांबतो आणि ६४०० वेळा पुन्हा निघतो. त्याचा सरासरी वेग ताशी ३९ किलोमीटर भरतो, तोही चार इंचांच्या जागेत. डिझेल पेटलं की त्याच्या डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला अंदाजे ७० किलोंचा दाब येतो. डोक्याचं क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका ठिणगीविना पेटलेल्या थेंबभर डिझेलाने त्याच्यावर चार टनांहून अधिक भार टाकलेला असतो. पूर्ण वेगात हे मिनिटाला १६०० वेळा होतं.

हे सगळं तो ॲल्युमिनियमच्या अंगाने सोसतो. पूर्वी पिस्टनही बिडाचे असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ॲल्युमिनियमचे आले, इंग्लंडचे डब्ल्यू. ओ. बेंटली हे ते मोटारीत वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक. वजन घटलं आणि वेग वाढवता आला. पण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साडेतीन इंची पिस्टन दोनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास जेमतेम ०.३५ ते ०.४० मिलिमीटरने वाढतो, पण लाइनर त्याच्या निम्मासुद्धा वाढत नाही, कारण त्याच्याभोवती पाणी फिरत असतं. पिस्टनाचा जन्मभराचा संसार या केसभर फटीत चालतो.

वाशिम जिल्ह्यात हा पिस्टन घरोघरी पोचला तो काळीपिवळी जीपांतून. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात या तालुक्यांना बांधून ठेवलं ते जीपांनी. बाजाराच्या दिवशी आत किती माणसं आणि टपावर किती गाठोडी, याला हिशेब नसे. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला देशभरातून बंजारा समाज येतो. त्या दिवसांत मानोऱ्याच्या रस्त्यावर या गाड्यांना विसावाच नसायचा. सोयाबीन निघालं की माणसांच्या जागी पोती. दवाखान्यात रात्री-बेरात्री बाळंतीण नेणारी गाडीही तीच.

कारंज्याच्या जुन्या लोकांनी मात्र वेगळा पिस्टन पाहिला आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या शकुंतला रेल्वेला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन होतं. ते १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. त्याचा पिस्टन दिसत नसला तरी त्याचा दांडा बाहेर मागेपुढे होताना दिसायचा, पोरं तो बघायला थांबायची. डिझेलचा पिस्टन कोणाला दिसत नाही. तो दिसतो ते इंजिन उतरल्यावर, म्हणजे त्याचे दिवस भरल्यावर.

आमच्याकडे त्याचे दिवस भरतात ते धुळीने. काळी माती पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात पिठासारखी मऊ असते. पण हाताला मऊ लागणाऱ्या त्या धुळीतही कठीण कण असतात. एअर फिल्टरच्या भांड्यातलं ऑइल बदलायचं राहिलं की ती धूळ थेट आत जाते आणि रिंगा खाते. मग ब्रीदरमधून धूर यायला लागतो, गाडी ऑइल पिते, सकाळी धक्का मागते, मालेगावच्या चढाला दुसऱ्या गिअरवर येते. ड्रायव्हर महिनाभर 'पंप दाखवून घेऊ' म्हणतो. शेवटी एक दिवस हेड उघडतं. लाइनरच्या वरच्या टोकाशी, जिथे पहिली रिंग थांबते तिथे, बोटाच्या नखाला लागेल इतका कंगोरा पडलेला असतो. तिथून पुढे पिस्टन बदलण्याचा प्रश्न येतो, आणि नेमका इथे इंजिनाच्या भाऊबंदांचा विषय निघतो.

या इंजिनाचं घराणं शेतातलं आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईत बी-२७५ ट्रॅक्टर बनवायला घेतला. मूळ इंग्लंडमधल्या या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं नाव बीडी-१४४. त्यातला आकडा म्हणजे घन इंचांतलं आकारमान. बोअर तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच, स्ट्रोक चार इंच. त्याचा थोरला भाऊ बीडी-१५४. स्ट्रोक तोच, बोअर साडेतीन इंच. महिंद्राच्या डिझेल जीपांत पुढे या वंशातली इंजिनं आली: आधी २३५० सीसीचं, मग २५२३ सीसीचं. म्हणूनच विदर्भातले जुने मिस्त्री आजही त्याला 'इंटरनॅशनल इंजिन' म्हणतात. मोटारी मिलिमीटरवर आल्या, पण या घराण्याने आपले इंच सोडले नाहीत. आजच्या बोलेरो पिकअपमध्येही २५२३ सीसीच आहे.

दोन भावांच्या बोअरमध्ये फरक किती? एक अष्टमांश इंच. लेथवाल्याच्या भाषेत एक सूत.

हा एक सूत माणसाला भुलवतो. २३५० चं इंजिन काढलेलं असतं, त्याचा पिस्टन सेट अकोल्यात मिळत नसतो, आणि दुकानदाराच्या फळीवर २५२३ चे चार पिस्टन खोक्यांत बसलेले असतात. गाडीवाला म्हणतो, तेच टाका, वर दीडशे-पावणेदोनशे सीसी वाढतील. हिशेब बरोबर आहे. साधारण १७७ सीसी वाढतात, म्हणजे साडेसात टक्के. मोहात पडण्यासारखाच आकडा आहे.

मी ज्या मिस्त्रींच्या शेजारी बसून हे शिकलो ते अशा वेळी लगेच नाही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. ते जुना पिस्टन रॉकेलने धुतात, चिंधीने पुसतात आणि नव्याच्या शेजारी उभा करतात. मग म्हणतात, "बसते म्हनून चालते असं नाही, भाऊ. बसनं येगळं, नांदनं येगळं."

बसण्याचा प्रश्न पहिल्यांदा लाइनरचा. बाहेरचा व्यास तोच ठेवून आतून एक सूत वाढवायचं म्हणजे लाइनरची भिंत दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा सूत पातळ होते, सुमारे १.६ मिलिमीटर. मूळची भिंत किती जाड आहे हे मोजल्याशिवाय बोअर मारणाऱ्याने तिच्या चिरण्याची तारीखच ठरवलेली असते. बाहेरून जाड लाइनर घालायचा तर ब्लॉक कोरावा लागतो, आणि ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटेपर्यंत किती बीड उरतं ते बघावं लागतं. लाइनर बसला तरी हेड गॅस्केट राहतंच. लहान भावाचं गॅस्केट थोरल्याच्या बोअरवर ठेवलं तर त्याचं कडं आत, आगीच्या तोंडाशी येतं. ते थोडे दिवस टिकतं, मग जळतं, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. सेट बदलताना गॅस्केटचा विचार न केलेली गाडी अशी महिनाभरात परत येते.

नांदण्याचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तिथे पिस्टनाचा खरा स्वभाव कळतो. त्याची रुंदी सगळे बघतात. पण त्याची ओळख उंचीत आहे: गजन पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची. एकाच बोअरचे, एकाच पिनेचे दोन पिस्टन शेजारी ठेवा. या उंचीत एक मिलिमीटरचा फरक असेल तर डोळ्यांना तो कळणारही नाही. इंजिनाला कळतो. साडेतीन इंची बोअरमध्ये समजा कंप्रेशन १८ ला १ आहे. म्हणजे पिस्टन वर आल्यावर हवेला जेमतेम ३७ सीसी जागा उरते. डोकं एक मिलिमीटर खाली राहिलं की त्या जागेत ६ सीसींची भर पडते आणि कंप्रेशन साडेपंधरावर येतं. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. डिसेंबरातल्या वाशिमच्या पहाटे हे इंजिन नुसतं फिरत राहतं, पांढरा धूर टाकतं आणि पेटत नाही. एक मिलिमीटर वर गेलं तर याहून वाईट. मग पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला जाऊन लागतो.

अशी एक गाडी मी पाहिली आहे. कोणाच्या गॅरेजमधून आली ते सांगण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरचे पिस्टन जीपला टाकले होते, बोअर जुळत होता, पिन जुळत होती, म्हणून कोणी पुढे मोजलंच नव्हतं. नव्या कामाची गाडी रोज सकाळी ढकलून सुरू करावी लागे. पोरगं शाळेत सोडायला निघालेला बाप ती गाडी ढकलताना मी बघितला आहे. त्या माणसाने सेट, लाइनर, मजुरी सगळं रोख दिलं होतं. पिस्टनाचा यात दोष नव्हता. तो त्याच्या घरी उत्तम चालणारा पिस्टन होता.

प्यूजो इंजिनाच्या घराण्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. एमएम-५४० जीपमधलं एक्सडीपी ४.९० हे ९० बाय ८३ मिलिमीटरचं, २११२ सीसीचं. त्याच घराण्यातलं नंतरचं एक्सडी-३ हे ९४ बाय ९० चं, २४९८ सीसीचं. इथे बोअर आणि स्ट्रोक दोन्ही बदलले. स्ट्रोक सात मिलिमीटरने वाढला की क्रँक पिस्टनाला साडेतीन मिलिमीटर जास्त वर ढकलतो. मग एकतर पिस्टनाची उंची तेवढी कमी हवी, किंवा रॉड आखूड, किंवा ब्लॉक उंच. नावं सारखी असली म्हणून अंगाची मापं सारखी होत नाहीत.

आणि चेहरा. पुष्कळ जुन्या इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं, तिथल्या पिस्टनाचं डोकं जवळजवळ सपाट असतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या पिस्टनाच्या डोक्यात खोल वाटी असते, आणि नॉझलची फवार नेमकी त्या वाटीत पडावी अशी त्या दोघांची जोडी आखलेली असते. वाटीचा पिस्टन बिनवाटीच्या हेडखाली किंवा उलट घातला तर फवार भलत्या जागी पडते आणि धातू भाजून निघतो. टर्बोच्या आणि कॉमन रेलच्या पिस्टनाचा बोअर तोच असला तरी वाटी, रिंगांच्या खाचा आणि पिनेची जागा त्याच्या कामाप्रमाणे घडवलेली असते. अनेक डिझेल पिस्टनांत पहिल्या रिंगच्या खाचेभोवती कठीण मिश्रधातूचं कडं ओतलेलं असतं. ज्यात ते नाही तो पिस्टन जास्त दाबाच्या घरी पाठवणं म्हणजे त्याचा छळ आहे.

मिस्त्री हे सगळं कागदावर मांडत नाहीत. त्यांचं मोजणं हाताने चालतं. पिस्टन बसवून तो वरच्या टोकाला आणतात, डायल गेजने तो ब्लॉकच्या तोंडाच्या किती वर-खाली आहे ते बघतात. खात्री नसेल तर रांग्याच्या तारेचे तुकडे त्याच्या डोक्यावर ठेवतात, गॅस्केट आणि हेड आवळतात, क्रँक हाताने एक फेरी फिरवतात आणि हेड पुन्हा उघडतात. चेपलेली तार जितकी जाड, तितकी जागा उरली. रिंग लाइनरमध्ये एकटी उतरवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजने बघतात. दर इंच बोअरला तीन-चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साडेतीन इंचीला दहा ते चौदा. मग चारही पिस्टन एका पोराच्या हाती देऊन सोनाराकडे वजनाला पाठवतात.

सोनाराकडे का, हे मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं ते असं की किराण्याच्या काट्याला पाच ग्रॅम कळत नाहीत. मी नंतर हिशेब केला. ३२०० फेऱ्यांवर वरच्या टोकाला पिस्टन इतक्या जोरात उलटा वळतो की दहा ग्रॅमचा फरक तिथे सुमारे सात किलोंचा धक्का होतो, आणि तो मिनिटाला ३२०० वेळा क्रँकवर बसतो. चारांतला एक भाऊ दुसऱ्या घराण्यातला घातला, एकच पिस्टन बदलला, तर गाडी सुरू होईल, चालेलही. पण स्टिअरिंग धरणाऱ्याच्या हातांना ती सुखाने बसू देणार नाही, आणि बेअरिंग लवकर जातील. वजन न करता एकटा पिस्टन बदलू नये, हा मिस्त्रींचा नियम मला पूर्ण मान्य आहे.

तरीही ते अदलाबदल करतातच, आणि माझ्या मते ते योग्य करतात. मी त्यांना एक २३५० थोरल्या भावाच्या मापावर नेताना पाहिलं आहे. त्यांनी भंगारातून त्याच वंशाचं एक अख्खं इंजिन मिळवलं आणि त्याचे पिस्टन, पिना, कनेक्टिंग रॉड, लाइनर, हेड, नॉझल असं सगळं बिऱ्हाड उचललं. ब्लॉकची भिंत मोजली, क्रँकचा स्ट्रोक जुळतो याची खात्री केली, लाइनर बोअरिंगवाल्याकडून बसवून घेतले, पंपाचं डिझेल बेताचं ठेवलं. पिस्टनाला त्यांनी एकटं पाठवलं नाही. ती जीप पुढे मंगरुळपीरच्या वाटेवर वर्षानुवर्षं चालली.

शेतातही हेच नातं आहे. किर्लोस्करचं एव्ही-१ हे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन ८० बाय ११० मिलिमीटरचं, टीव्ही-१ हे सात हॉर्सपॉवरचं ८७.५ बाय ११० चं. स्ट्रोक एक, बोअर वेगळे. तिथेही कोणीतरी विहिरीच्या काठावर उभं राहून विचारतंच, याचा पिस्टन त्याला चालंल का? प्रश्न गरिबीतून येतो, ऐन पाणी देण्याच्या दिवसांत येतो, आणि त्याला हसण्यासारखं त्यात काही नाही. त्याला मापाने उत्तर द्यायला हवं.

हे मापाने उत्तर देणारे हात आता कमी होत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तो आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावरून धावणाऱ्या नव्या गाड्यांचं इंजिन बिघडलं तर पुष्कळदा ते उघडायच्या ऐवजी बदललंच जातं. तिथे भाऊबंद शोधायची वेळ येत नाही. पण खालच्या रस्त्यावर, गावांच्या आत, जुन्या जीपा, पिकअप आणि ट्रॅक्टर अजून पोट भरतात, आणि त्यांचे पिस्टन खोक्यावरच्या नावावरून घेतले जातात. कोल्हापुरात पिस्टन बनतात, चेन्नईत बनतात, नकलीही बनतात. खोकं कोणाचंही छापता येतं. माप छापता येत नाही.

म्हणून वाशिमच्या आणि आसपासच्या ज्यांची गाडी किंवा ट्रॅक्टर कामाला निघाला आहे त्यांना एवढीच विनंती. जुने पिस्टन भंगारवाल्याला लगेच देऊ नका. नवं इंजिन दोन हिवाळे सुरळीत सुरू होईपर्यंत ते घरी ठेवा, कारण तुमच्या इंजिनाचं खरं माप त्यांच्याकडे आहे. आणि मिस्त्रीकडून बिलावर पाच गोष्टी लिहून घ्या: बोअर, पिनेचा व्यास, पिनेपासून डोक्याची उंची, लाइनरची जाडी आणि चारही पिस्टनांची वजनं. लिहायला त्याला दहा मिनिटं लागतील. ती मजुरीत धरून द्या.